यंत्र त्यांचे, गेम आपला: तीन कन्सोल कंपन्यांच्या विकसक-सेवांचे परीक्षण

मिक्सरचे परीक्षण लिहिणाऱ्याला तो ओट्यावर ठेवून चारी बाजूंनी फोटो काढता येतात. मी ज्या सेवेबद्दल लिहिणार आहे, तिच्यातील निम्म्या गोष्टींचा फोटो काढायलाच नव्हे, तर त्यांच्याविषयी बोलायलाही करारानेच मनाई असते. सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेन्डो या कंपन्या प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि स्विच ही गेम खेळण्याची यंत्रे म्हणजे कन्सोल विकतात हे सर्वांना ठाऊक आहे; पण त्या यंत्रांवरचे बहुसंख्य गेम बाहेरची माणसे बनवतात, आणि त्या माणसांसाठी प्रत्येक कंपनी एक स्वतंत्र खाते चालवते. अर्ज घेणे, विकसनासाठीचे खास यंत्र म्हणजे डेव्हकिट देणे, तयार गेम तपासणे, तो आपल्या ऑनलाइन दुकानात मांडणे आणि विक्रीतला आपला वाटा कापून उरलेले पैसे पाठवणे, हे त्या खात्याचे काम. पुण्यातील आमचा चार जणांचा स्टुडिओ गेली काही वर्षे या खिडक्यांपाशी उभा आहे. त्या अनुभवावरून आणि जे उघडपणे माहीत आहे त्यावरून हे परीक्षण लिहीत आहे. जिथे माझा स्वतःचा अनुभव कडू आहे तिथे कंपनीचे नाव घेतलेले नाही. त्यामागे सभ्यता थोडी आणि सही केलेला कागद जास्त आहे.

पैशाच्या बाजूने तुलना करण्यात फारसा अर्थ नाही. दुकानमालकाचा सुमारे ३० टक्के वाटा या धंद्यात इतका रूढ झाला आहे की त्यावर घासाघीस करण्याची आमच्यासारख्यांची ऐपतही नाही आणि जागाही नाही. म्हणून मी तीन गोष्टी पाहिल्या: अनोळखी माणसाला आत येणे किती सोपे आहे, नकार द्यायचा झाल्यास तो कसा दिला जातो, आणि गेम विक्रीला लागल्यावर त्याच्याकडे कोणी पाहते का. या तिन्हींची उत्तरे एकाच कंपनीत काळानुसार इतकी बदलत गेली आहेत की आजचे मत देण्याआधी थोडे मागे जावे लागेल.

निन्टेन्डोने १९८५ मध्ये अमेरिकेत आपले कन्सोल आणले, तेव्हा तिथला व्हिडिओ गेमचा बाजार दोनच वर्षांपूर्वी कोसळलेला होता. अटारी या कंपनीच्या यंत्रासाठी कोणीही उठावे आणि कसलेही कार्ट्रिज (यंत्रात खोचायची, गेम भरलेली डबी) विकावे, अशी स्थिती झाली होती, आणि निकृष्ट मालाच्या ढिगात सगळाच धंदा गाडला गेला होता. निन्टेन्डोने यावर उपाय म्हणून यंत्रात आणि कार्ट्रिजमध्ये एकमेकींना ओळखणाऱ्या चिपा बसवल्या. ओळख पटली नाही तर गेम चालतच नसे. त्या चिपेच्या जोरावर बाहेरच्या कंपन्यांपुढे ज्या अटी ठेवल्या गेल्या त्या आज वाचताना सावकारी कागद वाचल्यासारखे वाटते: वर्षाला पाचच गेम काढायचे, काढलेला गेम दोन वर्षे दुसऱ्या यंत्रावर न्यायचा नाही, कार्ट्रिजे निन्टेन्डोकडूनच बनवून घ्यायची आणि त्यांचे पैसे आगाऊ भरायचे. माल खपला नाही तर नुकसान गेम काढणाऱ्याचे. कोनामीने पाचची मर्यादा ओलांडण्यासाठी अल्ट्रा गेम्स या दुसऱ्या नावाने वेगळी पाटी लावली, तर अटारी गेम्सने टेंजेन या नावाखाली चिपेची नक्कल करून परवान्याशिवायच कार्ट्रिजे विकली आणि प्रकरण न्यायालयात गेले. तरीही बहुतेकांनी मुकाट्याने सह्या केल्या, कारण गिऱ्हाईक तिथेच होते. अडला हरी म्हणतात तो हाच.

ही मिजास उतरवली ती सोनीने. डिसेंबर १९९४ मध्ये जपानात प्लेस्टेशन आले तेव्हा सोनीला गेमच्या धंद्यात फारसे कोणी ओळखत नव्हते, आणि नेमके म्हणूनच तिला बाहेरच्यांची गरज सर्वांत जास्त होती. सीडी छापायला स्वस्त आणि लवकर छापून मिळणारी, त्यामुळे माल कमी पडला तर पुन्हा छापता येई आणि जास्त झाला तरी गळ्यात कार्ट्रिजांचा डोंगर पडत नसे. स्क्वेअर ही निन्टेन्डोची जुनी साथीदार कंपनी १९९६ मध्ये सोनीकडे गेली. तिच्या फायनल फॅन्टसी या गेममालिकेचा सातवा भाग १९९७ मध्ये प्लेस्टेशनवर तीन सीडींवर आला. निन्टेन्डो ६४ च्या सर्वांत मोठ्या कार्ट्रिजमध्येही ६४ मेगाबाइट एवढीच जागा असे आणि एका सीडीवर सुमारे ६५० मेगाबाइट मावत, हे लक्षात घेतले तर त्या स्थलांतरामागे रुसवेफुगवे किती आणि निव्वळ गणित किती हे ज्याचे त्याने ठरवावे. त्याच सुमारास सेगा या यंत्र विकणाऱ्या दुसऱ्या कंपनीने मात्र आपल्याच माणसांना तोंडघशी पाडले. सॅटर्न हे यंत्र अमेरिकेत सप्टेंबर १९९५ मध्ये येणार असे सर्वांना सांगून ठेवलेले असताना, ११ मे रोजी कंपनीने मंचावरून ते आजपासूनच विक्रीला आहे असे जाहीर केले. सप्टेंबरचा मुहूर्त धरून काम करणाऱ्या बाहेरच्या स्टुडिओंचे गेम तेव्हा अर्धवट होते आणि मोजक्या गेमनिशी यंत्र मांडले गेले. वेळापत्रक कळवणे ही सेवेतली किती मोठी गोष्ट आहे, हे याहून स्वच्छ दाखवणारे उदाहरण मला माहीत नाही.

पण गरज सरली की वैद्य मरतो. पहिल्या दोन प्लेस्टेशनांच्या यशानंतर २००६ मध्ये सोनीने तिसरे आणले, त्यात सेल नावाचा प्रोसेसर घातला आणि तो कसा वापरायचा हे शिकण्याचे ओझे बाहेरच्यांच्या डोक्यावर टाकले. एकच गेम एक्सबॉक्स ३६० वर सुरळीत आणि प्लेस्टेशन ३ वर अडखळत चालतो, असे त्या काळात वारंवार दिसे. हा धडा सोनी शिकली हे मान्य करायला हवे. प्लेस्टेशन ४ ची रचना मार्क सर्नी या अनुभवी गेमकाराच्या हाती दिली गेली, त्याने आधी विकसकांकडे फिरून त्यांना काय हवे ते विचारले, आणि २०१३ मध्ये यंत्र आले ते ओळखीच्या संगणकी रचनेचे, ८ गिगाबाइट वेगवान मेमरी असलेले. नव्या यंत्रावर पहिला त्रिकोण, म्हणजे त्रिमितीय चित्राचा सर्वांत साधा तुकडा, पडद्यावर आणायला विकसकाला किती काळ लागतो, हे सर्नीचे मोजमाप मला फार आवडते. लग्नाळू मुलाच्या पगाराऐवजी त्याला स्वतःचा चहा करता येतो का हे विचारण्यासारखे ते आहे.

मायक्रोसॉफ्टच्या सेवेला मी प्रवेशाच्या बाबतीत सर्वांत वरचे गुण देतो, पण तिथेही सुरुवात गोड नव्हती. एक्सबॉक्स ३६० च्या काळात विकलेल्या गेममध्ये दुरुस्ती टाकायची, तर तिच्या तपासणीचे शुल्क भरावे लागे. २०१२ मध्ये माँट्रियलच्या पॉलिट्रॉन या छोट्या स्टुडिओने आपल्या फेझ या गेमला दुरुस्ती दिली, तिच्यामुळे थोड्या खेळाडूंच्या साठवलेल्या फायली बिघडल्या, आणि दुसऱ्या दुरुस्तीचा खर्च परवडत नाही म्हणून त्यांनी तीच सदोष दुरुस्ती तशीच ठेवल्याचे जाहीर केले. चूक सुधारण्यासाठी पैसे मागणारा हिशेब किती उलटा आहे हे त्या एका प्रकरणाने जगाला दिसले. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने हे शुल्क काढून टाकले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आयडी ॲट एक्सबॉक्स ही योजना आणली: स्वीकारल्या गेलेल्या स्वतंत्र स्टुडिओला दोन डेव्हकिट मोफत, प्रकाशक मध्ये घेण्याची सक्ती नाही, तपासणीचे शुल्क नाही. मात्र गेम दुसऱ्या कन्सोलवर आधी आणू नये, अशी एक मेख त्यात मारलेली होती. चार माणसांच्या स्टुडिओला तीन यंत्रांवर एकाच दिवशी गेम आणता येत नाही, ही साधी गोष्ट कंपनीच्या गळी उतरायला आणि अट सैल व्हायला काही वर्षे गेली.

मायक्रोसॉफ्टची मला सर्वांत भावलेली गोष्ट त्याहून लहान आहे. २०१६ मध्ये तिने दुकानात मिळणाऱ्या साध्या एक्सबॉक्स वनलाच डेव्हकिट बनवण्याची सोय दिली. आम्ही ती वापरली तेव्हा व्यक्तिगत विकसक-खात्याचे १९ डॉलर भरले होते. कन्सोलच्या दुकानातून एक्सबॉक्स डेव्ह मोड नावाचे ॲप उतरवायचे, पडद्यावर दिसणारा कोड संगणकावर आपल्या खात्याच्या पानावर टाकायचा, यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होते आणि नेहमीच्या रंगीबेरंगी पाटीऐवजी एक रूक्ष पडदा येतो, ज्यावर यंत्राचा नेटवर्कवरचा पत्ता लिहिलेला असतो. तो पत्ता संगणकाला दिला की आपला गेम थेट दिवाणखान्यातल्या टीव्हीवर चालू लागतो. आमच्या जुन्या एक्सबॉक्सवर हे सगळे एका दुपारी झाले, कोणाची परवानगी न घेता, कोणाला ई-मेल न करता. उणिवा आहेत: या अवस्थेत विकत घेतलेले गेम चालत नाहीत, त्यामुळे घरी धाकटा भाऊ असेल तर यंत्र पुन्हा मूळ अवस्थेत आणण्यावरून रोज वाद ठरलेला, आणि आपल्या गेमला ५ गिगाबाइटच मेमरी मिळते. यंत्राची पूर्ण ताकद हवी असेल तर पुन्हा आयडी ॲट एक्सबॉक्सच्या दारातच जावे लागते. तरीही आपला गेम कन्सोलवर कसा दिसतो, टीव्हीपासून आठ फुटांवर बसल्यावर अक्षरे वाचता येतात का (आमची येत नव्हती), हे एवढ्या कमी खर्चात पाहू देणारी सोय मोठी आहे.

यापुढचा टप्पा तिन्ही कंपन्यांत सारखाच कठोर आहे आणि तिथेच बहुतेकांचे घोडे पेंड खाते: सर्टिफिकेशन, म्हणजे तयार गेमची तपासणी. निन्टेन्डो तिला लॉटचेक म्हणते, सोनीची यादी टीआरसी या आद्याक्षरांनी ओळखली जाते, मायक्रोसॉफ्टची एक्सआर म्हणून. गेम चांगला आहे की वाईट याच्याशी या तपासणीला कर्तव्य नसते. खेळताना कंट्रोलरचा संपर्क तुटला तर काय होते, फाईल साठवत असताना यंत्र झोपी गेले तर काय होते, साठवायला जागाच उरली नसेल तर खेळाडूला काय दिसते, बटणांची नावे कंपनीने ठरवलेल्या शब्दांतच लिहिली आहेत का, असे प्रश्न ती विचारते.

आमच्या गेममध्ये खाडीतून उतारूंची होडी चालवायची असते, उतारू आणि भाजीच्या पाट्या पैलतीरी न्यायच्या असतात. पहिल्यांदा पाठवलेला बिल्ड, म्हणजे गेमची चालती प्रत, नापास होऊन आला. शेरा दोन ओळींचा होता, सोबत छोटा व्हिडिओ. व्हिडिओत तपासणाऱ्याने भर पाण्यात कंट्रोलर बंद केला होता. आम्ही लिहिलेली ‘कंट्रोलर जोडा’ ही सूचना पडद्यावर इमानेइतबारे आली, पण तिच्या मागे होडी तशीच चालत राहिली, खडकावर आपटली आणि सूचना वाचणाऱ्या खेळाडूचे सगळे उतारू बुडाले. आम्ही चौघांनी महिनोन्महिने तो गेम खेळला होता आणि आमच्यापैकी एकाच्याही कंट्रोलरची बॅटरी कधी संपली नव्हती, कारण आमचे कंट्रोलर कायम केबलने जोडलेले असत. दुरुस्तीला वीस मिनिटे लागली, पुन्हा रांगेत उभे राहायला दोन आठवडे. तरी तो नकार मला सेवेचा उत्तम नमुना वाटतो: काय चुकले, कुठल्या क्षणी चुकले, कसे करून पाहिले, सगळे समोर. संगणकावरच्या आवृत्तीत ही दुरुस्ती कोणी मागितलेली नव्हती, पण आम्ही ती तिथेही घातली.

याच्या उलट अनुभवही आहे. तिघांपैकी एका कंपनीकडे डेव्हकिटचा अर्ज केला, सात आठवडे पोच नाही की उत्तर नाही, आणि आठव्या आठवड्यात ‘आपल्या विभागाचे प्रतिनिधी बदलले आहेत, कृपया अर्ज नव्याने करावा’ असे पत्र आले. नकार आला असता तर आम्ही दुसऱ्या कामाला लागलो असतो. पगार चालू असताना वाट पाहणे ही छोट्या स्टुडिओची सर्वांत महाग गोष्ट आहे, आणि नेमकी तीच कुठल्याही कंपनीच्या दरपत्रकात लिहिलेली नसते.

निन्टेन्डोकडे आता वळतो. वी (Wii) या तिच्या जुन्या कन्सोलच्या काळात तिच्या अटींत स्टुडिओचे कार्यालय राहत्या घरापासून वेगळे असावे अशी एक अट होती, आणि डाउनलोड करून घेण्याच्या गेमची विक्री ठरावीक आकड्यापुढे गेल्याशिवाय विकसकाला दमडीही मिळत नसे. खोलीच्या कोपऱ्यात टेबल टाकून काम करणाऱ्याने हे वाचून अर्ज मिटून ठेवावा, हीच अपेक्षा असावी. पुढे वी यू या त्यानंतरच्या कन्सोलला गेम मिळेनात, तेव्हा दोन्ही अटी गेल्या, आणि २०१६ पासून विकसकांच्या संकेतस्थळावर कोणालाही नाव नोंदवता येऊ लागले. नोंदणी म्हणजे परवानगी नव्हे, हे लक्षात ठेवावे. पण दाराबाहेर पाटी तरी वाचता येते.

स्विचचे उदाहरण पुणेकरांच्या जवळचे आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा राजी: ॲन एन्शंट एपिक हा गेम १८ ऑगस्ट २०२० रोजी निन्टेन्डोच्या इंडी वर्ल्ड या कार्यक्रमात जगाला दाखवला गेला आणि त्याच दिवशी स्विचवर विक्रीला आला, बाकीच्या यंत्रांवर तो ऑक्टोबरमध्ये पोहोचला. त्याआधी २०१७ मध्ये या गेमसाठी किकस्टार्टरवर मागितलेला निधी पूर्ण जमला नव्हता. लोकवर्गणीत अपुऱ्या पडलेल्या गेमला कंपनी आपल्या मंचावर उभे करते, तेव्हा काही महिन्यांची मक्तेदारी ही त्याची किंमत असते आणि माझ्या मते ती वाजवी आहे. विनोद एवढाच की तेव्हा निन्टेन्डोच्या ऑनलाइन दुकानाची भारतात शाखाच नव्हती. बालाजी-दुर्गेच्या देशात बनलेला गेम इथल्या स्विचधारकाला परदेशाच्या नावाने खाते काढून घ्यावा लागला.

सोनीने भारतात उलट बाजूने सुरुवात केली. चीनमध्ये २०१६ मध्ये आणलेल्या योजनेच्या धर्तीवर तिने २०२३ मध्ये इंडिया हीरो प्रोजेक्ट जाहीर केला. निवडलेल्या स्टुडिओंना निधी, तांत्रिक मार्गदर्शन आणि प्रसिद्धी असे त्याचे स्वरूप आहे. मुंबईच्या अंडरडॉग्स स्टुडिओचा मुक्ती हा मानवी तस्करीवरचा गेम त्यातलाच. अशी योजना निवडलेल्यांसाठी वरदान असते यात शंका नाही. पण मूठभर स्टुडिओंना हात देणारी योजना आणि रांगेतल्या प्रत्येकाला वेळेत उत्तर देणारी खिडकी या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मी परीक्षण करतो आहे ते खिडकीचे.

विक्रीनंतरची बाजू तिघांचीही कमजोर आहे. दुकानात रोज नवे गेम येतात आणि दर्शनी फळी एकच असते. २०२१ मध्ये निऑन डॉक्ट्रिन या प्रकाशन संस्थेच्या इयन गार्नर यांनी ‘प्लॅटफॉर्म एक्स’ एवढेच नाव देऊन एका कंपनीची गाऱ्हाणी जाहीरपणे मांडली: ठळक जागेसाठी किमान २५ हजार डॉलर मोजावे लागतात, आपल्याच गेमला सवलत कधी द्यायची हे आपल्या हाती नसते. त्या एक्सचे (हा एक्सबॉक्समधला एक्स नव्हे) खरे नाव ओळखायला कोणाला वेळ लागला नाही. मला मात्र गाऱ्हाण्यापेक्षा ते टोपणनाव अधिक बोलके वाटले. अनेक वर्षे धंद्यात असलेल्या माणसालाही नाव उच्चारण्याची सोय नसावी, यातच या नात्याचे वजनमाप आले.

आता कोणाकडे जावे. पहिलाच कन्सोल गेम असेल तर जुना एक्सबॉक्स वन घेऊन डेव्ह मोडपासून सुरुवात करावी. त्यात जाते ते फार तर यंत्राचे पैसे. मंचावर मिरवण्याजोगा गेम असेल आणि थोडी मक्तेदारी देण्याची तयारी असेल तर निन्टेन्डोचे दार ठोठवावे. सोनीकडे जाताना गेम निम्म्याहून अधिक तयार असावा आणि चालू स्थितीत दाखवता यावा. तिन्हीकडे अर्ज मात्र गेम पूर्ण होण्याची वाट न पाहता करावा, कंपनीच्या नावाने करावा, आणि अमेरिकी दुकानाचा डब्ल्यू-८ हा कराचा अर्ज पॅन क्रमांकासह पहिल्याच दिवशी भरून टाकावा. तो राहिला तर तिथल्या विक्रीच्या रॉयल्टीवर ३० टक्के कर कापला जातो. भारत-अमेरिका कराराचा आधार घेतला तर १५ टक्क्यांवर भागते. आमचा पहिला तिमाही हिशेब ३० टक्के कापूनच आला होता.